हाव म्हणजे हो

मुलाखत अंबिकाची होती, पण साडी तिच्या सासूबाईंनी, उमाबाईंनी निवडली. मोरपंखी इरकल. खुर्ची कुठं ठेवायची ते मन्मथनं ठरवलं. कॅमेऱ्यात मागं काय दिसावं हे तर आधीपासून ठरलेलंच होतं: सासरे सिद्धेश्वरआप्पांचा हार घातलेला फोटो. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली, पण या घरात अजूनही त्यांच्या नजरेआड काही होत नाही. राहता राहिली उत्तरं. तीही मन्मथनं आदल्या दिवशी दुकानातून आल्या आल्या बायकोकडून घोकून घेतली.

"शेवटचं वाक्य तेवढं नीट म्हण," तो म्हणाला. "'हा माझा पहिला आणि शेवटचा सिनेमा. आता घर, संसार आणि माझं लेकरू.' बास. त्यात काय अवघड हाय?"

"हाव," अंबिका म्हणाली.

आता हे 'हाव' आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुण्यामुंबईकडच्या माणसाचा घोळ व्हायचा. तसा तो झालाच, पण ते पुढं येईल. उदगीरपासून किनवटापर्यंत आमच्याकडं 'हाव' म्हणजे 'हो'. चहा घेता का? हाव. लेक सासरहून आली का? हाव. हावरटपणाची हाव आम्हालाही माहीत आहे, शाळेत शिकलोय, पण ती पुस्तकात राहते. घरात, बाजारात, एसटीत जी चालते ती साधी, गरीब, मान डोलावणारी हाव.

अंबिकाच्या तोंडी तर हा शब्द लग्नापासून मुक्कामालाच आला होता. माहेर नांदेडचं. कॉलेजात नाटकात कामं करायची, आणि तालमीत पटलं नाही तर 'न्हाई' असं ठणकावायची की बसवणारा मास्तर दचकून संहितेत बघायचा. मग उदगीरच्या अडत दुकानवाल्याच्या घरात पडली. पडली म्हणजे काही खड्ड्यात पडली नाही हो. दुमजली घर, डाळीची गिरणी, नवरा निर्व्यसनी, सासू मठात जाणारी, कपाळभर विभूती लावणारी. कुणी कधी हात उगारला नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. आणि सगळा वैताग तिथंच होता. तक्रार करायला काही जागाच नाही! फक्त या घरात प्रश्न विचारायची एक तऱ्हा होती. "आज धपाटेच करायचेत ना?" "सांजच्याला मठात यायलीस ना?" "नांदेडला पुढल्या महिन्यात गेलीस तर चालंल ना?" प्रश्नाच्या शेपटीला 'ना' बांधलं की उत्तराला जायला एकच वाट उरते. अंबिका त्या वाटेनं इतकी वर्षं जात होती.

मग तिला सिनेमा कसा मिळाला, असं कुणीही विचारेल. बजरंग किनवटचा. कॉलेजात तिच्या पुढं होता, नाटकाचं वेड डोक्यात घेऊन कुठं कुठं भटकला आणि शेवटी स्वतःचा सिनेमा करायला निघाला. तो थेट उदगीरला घरी आला, सोफ्यावर बसला, भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या सुशीलाची एक बशी संपवून दुसरी मागून घेतली आणि म्हणाला, "मन्मथशेठ, मला अंबिकाताईच पाहिजेत." मन्मथची छाती फुगली. घरातली बाई पडद्यावर! हो म्हणायच्या आधी त्यानं अडत बाजारात चार जणांना फोन लावले. गोष्ट काय आहे हे विचारायचं मात्र राहून गेलं.

गोष्ट होती एका सुनेची. तिला घरचे येडी ठरवतात आणि खोलीत घालून बाहेरून कडी लावतात. सिनेमाचं नावच 'बाहेरून कडी'. अर्धा सिनेमा अंबिका त्या खोलीत, केस पिंजारलेले, पदराचा पत्ता नाही. बजरंगनं सगळं आपल्या बोलीत लिहिलं होतं, पण निर्मात्यानं 'सगळ्यांना कळलं पाहिजे' म्हणत भाषा धुऊन काढली. होती नव्हती ती सगळी हाव तिथं 'हो' झाली. बजरंग लई चरफडला, पण पैसा निर्मात्याचा.

सिनेमा चालला. मुंबईतल्या तीन-तीन पुरस्कारांच्या नामांकनांत अंबिकाचं नाव आलं. आणि इकडं उदगीरात तमाशा सुरू झाला. बाजारात लोक मन्मथला विचारायचे, "काय शेठ, खोलीची किल्ली आज कुणाकडं?" तो हसायचा, आणि घरी येऊन ताट सारायचा. उमाबाईंचं त्याहून वाईट झालं. मठात प्रवचन सुटल्यावर मागून एक बाई बोलली, चांगली ऐकू जाईल अशी: "घरात तसंच ठिवत असतील. त्याबिगर एवढं खरं करता येतंय व्हय?" उमाबाई घरी आल्या आणि चप्पल न काढता सोफ्यावर बसून रडल्या. अंबिकाला खरोखर वाईट वाटलं. शूटिंगच्या दिवसांत लेकीच्या, तनूच्या वेण्या उमाबाईंनी घातल्या होत्या, डबे त्यांनी केले होते, ताप आला तेव्हा उशाशी त्याच बसल्या होत्या. त्या बाईच्या वाट्याला हे यायला नको होतं.

तेव्हा घरात ठरलं की मुलाखत द्यायची. सून कशी सुखात आहे ते जगाला दिसू दे, आणि सिनेमा आता बास हेही तिनंच आपल्या तोंडानं सांगू दे. ठरलं म्हणजे दोघांनी ठरवलं. अंबिकाला विचारलं की. "सांगशील ना?"

"हाव."

पण बजरंगचा दुसरा सिनेमा तयार होता. नांदेडात शूटिंग, एसटीतली बाई कंडक्टर, आणि यावेळी म्हणे एक शब्दही धुवायचा नाही. तो फोनवर म्हणाला होता, "ताई, पुरस्काराच्या आधी सांगा. न्हाईतर मला दुसरी बघावी लागंल. मनातून बघायची न्हाई, पण बघावी लागंल." अंबिका म्हणाली होती, मुलाखत झाली की कळवते. त्या कंडक्टरणीची शिट्टी तिच्या कानात वाजायला लागली होती. भाजी चिरताना ती मनातल्या मनात तिकिटं फाडायची. आणि मुलाखतीत ते वाक्य एकदा बोललं की शिट्टी गप्प होणार होती, कायमची. हे तिला माहीत होतं आणि घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

तर मुलाखत. लॅपटॉप तिपाईवर. पडद्यावर मुंबईची मुलाखतवाली पोरगी, चुणचुणीत, एका वाक्यात तीनदा हसणारी. लॅपटॉपच्या मागं मन्मथ उभा. उमाबाई अंबिकाच्या शेजारीच, पण कॅमेऱ्यात येणार नाहीत एवढ्या सरकून बसलेल्या. तनूला 'गप बस' सांगून जिन्याच्या पायरीवर बसवलेलं.

"ताई, तीन-तीन नामांकनं! कसं वाटतंय पुरस्कारांच्या या मोसमात?"

"छान वाटतंय." मन्मथनं हात फिरवून खूण केली, अजून बोल. "घरच्यांमुळं झालं सगळं."

"सोहळ्याला काय घालणार? सगळे तेच विचारतायत."

"इरकल नेसणार हाय ती," कॅमेऱ्याबाहेरून आवाज आला.

"अय्या, कोण बोललं?"

"आत्याबाई. माझ्या सासूबाई."

"किती गोड! त्यांना बोलवा ना कॅमेऱ्यात." उमाबाईंनी दोन्ही हात जोरजोरात हलवले, मला नको बाई, आणि तरी पदर सारखा केला.

"बरं ताई, ती खोली. तुमचे खोलीतले प्रसंग बघताना मला घुसमटायला झालं. तुम्हाला किती त्रास झाला असेल!"

खरं सांगायचं तर त्या खोलीत तिला काडीचा त्रास झाला नव्हता. किनवटच्या जंगलातली जुनी लाकडाची वखार होती ती. कडी खरीच लावायचे. पण लावायच्या आधी बजरंग दाराबाहेरून विचारायचा, "ताई, लावू का कडी?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. एकदा ती उगीच म्हणाली, "थांबा जरा." तर सगळी माणसं थांबली, कॅमेरेवाला, दिवेवाले, सगळे, उन्हात, मुकाट्यानं. शॉट झाला की पुन्हा, "उघडू का?" कधीकधी ती आतून म्हणायची, "राहू द्या थोडा वेळ." आणि त्या मातीवर पाय पसरून बसायची. फटीतून ऊन यायचं. कुणी काही मागत नव्हतं. लग्न झाल्यापासून इतकं मोकळं तिला कुठं वाटलं असेल तर त्या कडी लावलेल्या खोलीत! आता हे आप्पांच्या फोटोखाली बसून कसं सांगणार, तुम्हीच सांगा.

"झाला त्रास," ती म्हणाली. "घरची लई आठवण यायची."

उमाबाईंनी डोळे पुसले.

"बरं, आता शेवटचा खेळ," पोरगी म्हणाली. "मी विचारणार, तुम्ही फक्त एका शब्दात सांगायचं. विचार करायचा नाही हं. उदगीर?"

"घर."

"पुरस्कार?"

"पाहुणा."

"वा! 'बाहेरून कडी'?"

"खोली."

"आणि आता शेवटचा प्रश्न. एवढं नाव झालं, नामांकनं झाली, सगळं मिळालं. आता मनात काय उरलंय?"

मन्मथनं भुवया उंचावल्या. हीच ती जागा. अंबिकानं तोंड उघडलं. वाक्य सगळं पाठ होतं, हा माझा पहिला आणि, पण ते पुढं सरकेना. पोरगी वाट बघत होती. मन्मथ ओठ हलवून वाक्य दाखवायला लागला. शेवटी उमाबाई तिच्या कानाशी वाकल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "आता बास म्हन की गं. घरीच ऱ्हाते म्हन. म्हन्तीस ना?"

ते 'ना' ऐकलं आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, अंबिकाच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "हाव."

पडद्यावरच्या पोरीनं टाळ्याच वाजवल्या. "बापरे, ताई! काय उत्तर दिलंत! इतकं खरं कुणी बोलत नाही हो. मान गये!"

लॅपटॉप मिटला. उमाबाई खुशीत उठल्या. "बघ, कशी खूश झाली पोरगी. बाईनं घर सांभाळते म्हन्लं की कुणालाबी बरंच वाटतंय." मन्मथ थोडा कुरकुरला, वाक्य पुरं म्हणायला पाहिजे होतं म्हणून, पण मग म्हणाला, "जाऊ दे. हाव म्हन्ली ना, झालं."

अंबिका स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून रडली. तोंडात पदरबिदर कोंबला नाही, सरळ रडली. घरात सगळे आनंदात होते, तिच्याकडं लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. बजरंगला फोन करायला हवा होता. तिनं फोन हातात घेतला, त्याचं नाव काढलं आणि पुन्हा पालथा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मन्मथ दुकान सोडून घरी आला. असं तो कुणी वारल्याशिवाय करत नाही. उमाबाईंनी दारातच विचारलं, "कोण गेलं?" त्यानं मोबाईल सोफ्यावर टाकला. तनूनं तो उचलला आणि शाळेत धडा वाचतात तसं मोठ्यानं वाचून दाखवलं:

"'मला हाव आहे!' उदगीरच्या अंबिकाची बेधडक कबुली. सगळं मिळूनही मन भरलेलं नाही. मनात काय उरलं, या प्रश्नावर या गुणी अभिनेत्रीनं क्षणाचाही विलंब न लावता एकाच शब्दात..." तनू थांबली. "मम्मी, हाव आहे म्हंजे हो आहे?"

खाली फोटो. मोरपंखी इरकल, आणि अंबिकाच्या डोक्यावर बरोबर आप्पांचा हार.

"बाजारात मला विचारायलेत," मन्मथ म्हणाला, "शेठ, वहिनींची भूक लई मोठी दिसायली, दुकान पुरंल का? तोंड लपवून आलो मी!"

उमाबाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. "हाव? अगं, काय कमी केलं तुला या घरात? काय मागितलंस आन् दिलं न्हाई?"

काहीच मागितलं नव्हतं, हे अंबिकाच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. तिनं तनूच्या हातातून मोबाईल घेतला. पहिल्यांदा वाचलं ते भराभर. दुसऱ्यांदा वाचलं ते सावकाश, शब्दाशब्दावर थांबून. मला हाव आहे. मन भरलेलं नाही. त्या पोरीनं चुकीचं ऐकलं होतं, शंभर टक्के चुकीचं. आणि तरी, या घरात आल्यापासून हजारदा म्हटलेलं तिचं 'हाव' बरोबर ऐकणारी ती पहिलीच. अंबिकाला हसू यायला लागलं.

मन्मथनं तिच्या हातातून मोबाईल ओढून घेतला आणि मुंबईला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्यानं पोरीला चांगलं झापलं. आमच्याकडं हाव म्हणजे हो, एवढं माहीत नाही तर मुलाखती कशाला घेता? पोरगी रडकुंडीला आली. "सर, खरंच माहीत नव्हतं. सिनेमात तर सगळे 'हो'च म्हणतात! मी आत्ता बदलते. काय लिहू?"

"लिवा. हा माझा पहिला आणि शेवटचा सिनेमा. आता घर, संसार आणि माझं लेकरू."

"लिहिते, सर. पण त्यांचं बोलणं बदलायचं तर मला त्यांच्याच तोंडून ऐकायला लागेल. ताई आहेत का?"

मन्मथनं मोबाईल तळहातावर ठेवून अंबिकापुढं धरला. "सांग."

उमाबाई उठल्या. अंबिकाला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, अगदी तनूच्या तापात फिरवायच्या तसा. "सांग बाई माझी. माझ्यासाठी सांग. लोकांची तोंडं बंद व्हतील."

ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. पाठीवरचा तो हात उबदार होता आणि तो काही केल्या हलेना. समोर तळहात, मागं तळहात. जिन्याच्या पायरीवर तनू, डोळे मोठे करून. भिंतीवर आप्पा.

"ताई, माफ करा हं, माझीच चूक," फोनमधून आवाज आला. "एवढंच विचारते. तुम्ही तेव्हा 'हो'च म्हणाला होतात ना?"

आलं. मुंबईहून सुद्धा 'ना' बांधूनच आलं. आणि अंबिकाच्या जिभेवर तो शब्द येऊन बसलाही. म्हटला की झालं, सगळे मोकळे. मन्मथ बाजारात जाईल, उमाबाई मठात जातील, बजरंग दुसरी बघेल. कुणीतरी दुसरीच ती शिट्टी वाजवेल. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. कडी लावू का, असं विचारून बाहेर कुणीतरी थांबलंय, असं तिला वाटलं. थांबू दे जरा.

"ताई? ऐकू येतंय ना?"

"न्हाई," अंबिका म्हणाली.

"आवाज येत नाहीये का?"

"आवाज येतोय. हो न्हवते म्हन्ले मी." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "हाव होती. हाव होती मला, आन् अजून हाय. छापलंय ते राहू द्या."

मन्मथनं फोन कापला. पाठीवरचा हात कधी निघाला ते अंबिकाला कळलंच नाही. पाठ एकदम गार पडली.

"येडी झालीस का तू?" मन्मथ ओरडला, आणि ओरडल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. सिनेमात कडी लावायच्या आधी नवऱ्याच्या तोंडी हेच वाक्य आहे. तो तसाच, न जेवता, दुकानाकडं निघून गेला. उमाबाई आप्पांच्या फोटोखाली जाऊन बसल्या आणि विभूतीच्या बोटानं कपाळ चोळत राहिल्या.

कुणी दार उघडलं नाही की कुणी बॅग भरली नाही. एवढं बोलून झाल्यावर काय करायचं असतं हे अंबिकाला ठाऊक नव्हतं. घर तेवढंच होतं, भिंती तिथंच. तनूचा गणवेश भिजत पडला होता तो तिनं धुऊन वाळत घातला. मग गच्चीवर उभ्या उभ्या बजरंगला एवढंच लिहून पाठवलं: दुसरी बघू नका. पाठवून झाल्यावर भीती वाटली. मुंबईची ती पोरगी पुढं काय छापेल, आज मन्मथ काय बोलेल, तनूला कुणाकडं ठेवायचं, यातलं एकही उत्तर पाठ नव्हतं.

दिवेलागणीला उमाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. अंबिकाकडं न बघताच त्यांनी विचारलं, "भाकरी टाकायलीस ना?"

अंबिकाच्या ओठांवर नेहमीचा शब्द आला. तिनं तो परत गिळला.

"हो," ती म्हणाली.

उमाबाईंनी मान वर करून बघितलं. या घरात असं 'हो' कुणी कधी म्हटलं नव्हतं. तेवढ्यात तनू त्यांच्या हाताखालून आत घुसली.

"मम्मी, तू हो म्हन्लीस?"

"हो."

"आन् मग हाव?"

"ती माझ्याकडं हाय," अंबिका म्हणाली आणि परातीत पीठ घेतलं.